लंगडता ठोका

ही गोष्ट खरी आहे. मामींना विचारून लिहितोय असं म्हणता आलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. पण विचारलेलं नाही. त्या नाहीच म्हणाल्या असत्या. आणि मामांना तर विचारायची सोयच नाही. का, ते शेवटी कळेल.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी. मी मामांच्या डाव्या हाताची दोन बोटं पाहिलीयेत. ती आता वळत नाहीत.

तो मंगळवार होता. दुपारचे चार. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं आणि रस्त्यावर नुकत्याच सुटलेल्या शाळेचा गोंगाट चालला होता. असल्या वेळी काही होत नाही असं आपण समजतो.

माझे मामा घड्याळं दुरुस्त करायचे. बाजाराच्या तोंडाशी जिन्याखाली त्यांचं दुकान. एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं, एवढंच. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

मास्तरांना एकच वेड होतं. ठोका.

लंबकाच्या जुन्या घड्याळाचा ठोका सारखा पडावा लागतो. टिक... टॉक... टिक... टॉक. दोन्हींमधलं अंतर एकच. घड्याळ भिंतीवर जरा तिरकं बसलं, किंवा लंबकाला ढकलणारी आतली पितळी पट्टी केसभर वाकली, की ते लंगडायला लागतं. टिक-टॉक... ... टिक-टॉक... ... असं. तुम्हाआम्हाला फरक कळत नाही. मामांना शेजारच्या घरातलं घड्याळ लंगडलेलं ऐकू आलं, तर घास खाली उतरत नसे. एकदा एका घरी सांत्वनाला गेले असताना, सगळे माना खाली घालून बसलेत आणि हे उठून भिंतीवरचं घड्याळ सरळ करतायत. घरी आल्यावर मामींनी त्यांचा असा काही समाचार घेतला की विचारू नका. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं त्या नेहमी म्हणायच्या. झोपेतसुद्धा ह्यांची बोटं कुठलीतरी पट्टी वाकवत असतात, असंही म्हणायच्या. आम्ही हसायचो.

अजून एक सांगून ठेवतो. मामा माणूस म्हणून गरीब गाय. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मामींवर हात तर सोडाच, आवाजसुद्धा चढवला नाही. भांडण झालं की बोलायचं काम मामींचं. मामा डोळ्याला भिंग लावून बसायचे.

तर त्या मंगळवारी त्यांना एका घरी बोलावलं होतं. बोलावणारा शाळेत चित्रकला शिकवायचा. वय पन्नाशीचं, अंगकाठी बारीक, आवाज इतका मऊ की दोनदा विचारावं लागायचं. लग्न केलेलं नव्हतं. तो आणि त्याची म्हातारी आई, दोघंच राहायचे. सगळे त्याला सर म्हणत, म्हणून आपणही सर म्हणू.

तिसरा मजला. घराला नुकताच रंग दिलेला, त्याचा वास अजून गेला नव्हता. रंगाऱ्यांनी चार दिवसांपूर्वी घड्याळ भिंतीवरून उतरवलं होतं. तेव्हापासून ते टेबलावर वर्तमानपत्र अंथरून आडवं ठेवलेलं.

बंद.

जिना चढतानाच सरांनी हळू आवाजात सांगून टाकलं. घड्याळ उतरवल्यापासून रोज सकाळी घरातली सगळी कपाटं सताड उघडी सापडतात. खण ओढलेले. गाद्या उलटलेल्या. आई झोपेत उठून काहीतरी शोधत असावी, असं त्यांना वाटत होतं. आई म्हणत होती, मी नाही.

आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. ऐंशीच्या पुढची, पण पाठ ताठ. तिचा जबडा एका बाजूला जरा सरकलेला होता. मामांना वाटलं, वयाने असेल.

"मास्तर, आजच चालू करून द्या," ती म्हणाली. "पण एक लक्षात ठेवा. ते लंगडतं. तसंच लंगडतं राहू द्या. मला त्याची सवय आहे."

मामांनी मान डोलावली. बरं आजी, म्हणाले.

मामांच्या हातून चूक झाली असेल तर ती इथे. त्यांनी शब्द दिला आणि तो मनापासून दिला नाही.

त्यांनी मागची फळी काढली. जुन्या कारागिरांची एक पद्धत असते. दुरुस्ती केली की तबकडीच्या मागच्या पत्र्यावर टोचणीने आपली खूण आणि तारीख कोरून ठेवायची. पुढे उघडणाऱ्याला कळावं, आधी कुणाचा हात लागलाय. इथे दोनच नोंदी होत्या, दोन्ही एकाच हाताच्या. पहिली खूप जुनी. दुसरी एकतीस वर्षांपूर्वीची, आणि तिच्याखाली एक ओळ होती.

"वाकडं केलंय. चालू ठेवावे. सरळ करू नये."

मामांना हसू आलं. नाचता येईना अंगण वाकडं, ते मनात म्हणाले. स्वतःला ठोका जुळवता आला नाही, आणि वर ताकीद लिहून ठेवतोय.

पण पट्टी पाहिली तेव्हा त्यांचं हसू जरा कमी झालं. तिच्यावर पक्कडीच्या दातांच्या दोन खुणा होत्या. बाक अगदी सफाईदार होता. घड्याळ लंगडेल पण थांबणार नाही, इतकाच. हे अडाण्याचं काम नव्हतं. कुणीतरी विचार करून, वेळ घेऊन वाकवलं होतं.

तिथे थांबायला हवं होतं. मामा आजही हेच म्हणतात.

त्यांनी पुसलं, तेल दिलं, घड्याळ पॅसेजमधल्या खिळ्यावर टांगलं. लाकडाच्या पेटीच्या खालच्या कडेला एक काळपट डाग होता. जुनं पॉलिश असेल म्हणून त्यांनी सोडून दिला. मग चावी मागितली. सर फडताळावर शोधायला लागले. तिथे नव्हती. खणात नव्हती. मामांनी सहज घड्याळाकडे पाहिलं...

चावी घड्याळातच होती.

तबकडीच्या भोकात. पाच मिनिटांपूर्वी मामांनी तीच तबकडी पुसली होती. भोक रिकामं होतं.

त्यांनी चावी फिरवून पाहिली. फिरेना. स्प्रिंग गच्च भरलेली होती. चार दिवस बंद पडलेल्या घड्याळाला कुणीतरी नुकतीच पूर्ण चावी दिली होती.

मामांनी सरांकडे पाहिलं. सर अजून फडताळच चाचपत होते.

लंबकाला बोटाने हलकासा धक्का दिला. टिक-टॉक... ... टिक-टॉक... ...

म्हातारीचे खांदे खाली आले. इतका वेळ ती श्वास धरून बसली होती, हे मामांना तेव्हा कळलं. ती उठली आणि चहा टाकायला आत गेली. सरांना फोन आला, ते गॅलरीत गेले.

पॅसेजमध्ये मामा एकटे राहिले. आणि ते लंगडणारं घड्याळ.

टिक-टॉक... ... टिक-टॉक... ...

त्यांना राहवेना. दोन मिनिटांचं तर काम. आजींना काय कळणार? उलट झोप चांगली लागेल त्यांना. असं स्वतःला समजावत त्यांनी पेटी ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, आणली, दार उघडलं, हात आत घातला आणि दोन बोटांनी पट्टी सरळ केली. केसभर. मग सवयीप्रमाणे डोळे मिटले.

टिक... टॉक... टिक... टॉक...

सारखा. अगदी सारखा.

मामा नेहमी सांगायचे, ठोका जुळला की छातीत काहीतरी जागेवर बसल्यासारखं वाटतं. त्या दिवशी बसलं नाही. रस्त्यावरचा पोरांचा गोंगाट थांबला होता. गॅसचा आवाज थांबला होता. सर फोनवर बोलत होते, तेही ऐकू येईना.

नुसतं घड्याळ.

टिक... टॉक...

आणि मग स्वयंपाकघरातून... चट्.

ओला कपडा ओट्यावर आपटावा तसा आवाज. मामांनी डोळे उघडले.

टिक. चट्... टॉक... टिक. चट्... टॉक...

ते दाराशी गेले.

म्हातारी भिंतीला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात अंगाशी सरळ. समोर कुणीच नव्हतं. आणि प्रत्येक टिकला तिचं तोंड झटक्याने एका बाजूला फिरत होतं. गालावर बोटं उमटत होती. पाच बोटं. ओठ फाटला, नव्या रंगावर रक्ताचे शिंतोडे उडाले. ती ओरडत नव्हती. टॉकला ती तोंड परत समोर आणायची, पुढच्या टिकसाठी.

हे मामांना सगळ्यात भयंकर वाटलं. तिला ते पाठ होतं.

तिने मामांकडे पाहिलं. "सरळ केलंत," ती म्हणाली. एवढंच.

तेवढ्यात सर गॅलरीतून आले. हातात फोन, पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो करतंय. त्यांनी फोन शांतपणे फ्रिजवर ठेवला. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ते आईसमोर जाऊन उभे राहिले, नेमक्या जागी, आणि त्यांनी हात उचलला.

आता त्या माराला हात मिळाला होता.

ज्या हाताने पोरांना फुलं-पानं काढायला शिकवायचे, त्या हाताने सर आपल्या आईला मारत होते. टिकला एक. टिकला एक. हाडाचा आवाज येत होता. मामा धावले, त्यांनी सरांचा दंड धरला. त्या बारक्या माणसाने त्यांना असं झटकलं की ते भांड्यांच्या मांडणीवर जाऊन आदळले. उठतायत तोवर उलट्या हाताचा एक फटका त्यांच्या उजव्या कानावर बसला. आत काहीतरी फुटलं. गरम ओघळ मानेवर आला आणि त्या कानातलं जग बंद झालं.

मामा घाबरले होते, पण चाळीस वर्षं ज्याच्यामागे घालवली ती गोष्ट त्यांना तेव्हाही कळत होती. मार ठोक्यावर पडत होता.

ते रांगत पॅसेजमध्ये गेले आणि त्यांनी लंबक धरला.

थांबलं.

एक क्षण शांतता...

मग आतल्या खोलीतलं कपाट धाडकन उघडलं. मग दुसरं. एक खण भिंतीवर येऊन फुटला. भांडी, पुस्तकं, काचा. कुणीतरी चवताळून शोधत होतं आणि शोधत शोधत पॅसेजकडे येत होतं. पावलं वाजत होती, माणूस दिसत नव्हता.

म्हातारी पहिल्यांदाच ओरडली. "थांबवू नका! थांबलं की तो शोधत येतो! पहिल्यासारखं लंगडं करा!"

मामांनी लंबक सोडला. टिक. चट्. सरांचा वर गेलेला हात तिथूनच पुढे चालू झाला.

आता मामांना वाकडा ठोका लावायचा होता. सगळी हयात सरळ करण्यात गेलेली. वाकडं किती हवं, ते त्यांच्या बोटांना ठाऊकच नव्हतं. एक कान गेलेला. त्यांनी डावा कान पेटीला लावला, डावा हात चौकटीवर टेकवला आणि उजव्या हाताची बोटं पट्टीवर ठेवली.

टिक... पेटीचं काचेचं दार आपोआप मिटलं. डाव्या हाताच्या बोटांवर.

टॉक... उघडलं.

टिक... मिटलं. या वेळी काच फुटली आणि बोटंही.

मामा ओरडले, पण हात काढला नाही. काढला असता तर कान हलला असता. थोडं वाकवलं. टिक... टॉक. अजून सारखंच. अजून थोडं. दार पुन्हा बसलं. अजून थोडं. स्वयंपाकघरात म्हातारी खाली बसत चालली होती.

टिक-टॉक... ... टिक-टॉक... ...

ढप्.

हा आवाज वेगळा होता. सरांची मूठ भिंतीवर बसली होती. नेम चुकला होता. पुन्हा ढप्, पुन्हा भिंत. तिसऱ्यांदा भिंतीवर मारून सर मटकन खाली बसले.

रस्त्यावरचा गोंगाट परत ऐकू यायला लागला. आधणाचं पाणी उतू जात होतं.

सरांनी मान वर केली. आईचं तोंड पाहिलं आणि त्यांना रडूच फुटलं. "आई, कुणी मारलं तुला?" ते विचारत होते. मग त्यांनी स्वतःचा सोललेला हात पाहिला आणि तो उलटसुलट करून बघत बसले. त्यांना काहीच आठवत नव्हतं.

म्हातारीने तोंड धुतलं, मामांच्या बोटांना फडकं बांधलं, आणि बांधता बांधता सांगितलं. सरांना तिने डॉक्टरला बोलवायला खाली पाठवलं होतं.

हे घड्याळ तिच्या धाकट्या भावाने तिला लग्नात दिलेलं. तोही घड्याळंच दुरुस्त करायचा. ठोका स्वतः जुळवून दिला होता. नवरा पहिल्या वर्षी चांगला होता. मग तो रोज पाच वाजता कामावरून यायचा, तिला घड्याळाखाली उभं करायचा आणि टिकला एक असं मारायचा. हात दुखेपर्यंत. नंतर जेवायला बसला की विचारायचा, तुझ्या तोंडाला काय लागलं?

"त्याला खरंच आठवत नसे," ती म्हणाली. "आधी मला वाटायचं, नाटक करतोय."

एक दिवस भावाने तिचा जबडा पाहिला. तो घड्याळ उघडून पट्टी वाकवून गेला. दुसऱ्या दिवशी पाच वाजता नवऱ्याने हात उचलला आणि तो भिंतीवर बसला. पुन्हा उचलला, पुन्हा भिंतीवर. त्याला ठोका सापडेना. तो थांबेना. भिंतीवर, पेटीवर, मारतच राहिला. बोटांची हाडं बाहेर आली तरी. दीड तासाने तिथेच पडला आणि गेला. पेटीखालचा डाग त्याचा होता.

घड्याळ टाकून का दिलं नाही, मामांनी विचारलं.

"दोनदा टाकलं. दोन्ही वेळा सकाळी ह्या पोराच्या उशाशी होतं. त्याचे पाय मातीने भरलेले."

मग तिने फडक्याला गाठ मारली आणि मामांच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "मास्तर, ठोका आज तुमच्या हाताने जुळलाय. घरी कोण असतं तुमच्या?"

"बायको," मामा म्हणाले.

"मग घरात एक घड्याळ कायम लंगडतं ठेवा. माझा भाऊ मरेपर्यंत ठेवायचा. थांबू द्यायचं नाही आणि सरळ होऊ द्यायचं नाही."

मामांनी घरी येऊन मामींना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दुकान बंद केलं. घरातली सगळी घड्याळं देऊन टाकली, फक्त बैठकीतलं एक लंबकाचं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या घरचं घड्याळ आपल्या हाताने बिघडवलं, आणि तेव्हा ते रडले, असं मामी सांगतात.

पण उजव्या कानामागोमाग वर्षभरात डावाही गेला. मोठ्याने बोललेलं थोडंफार कळतं. टिक-टॉक ऐकू येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी ते मामींना विचारतात, लंगडतंय ना? मामी सांगतात, लंगडतंय. मग त्यांना झोप लागते.

इथपर्यंत मला माहीत होतं. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो.

दुपारची वेळ. मामा आनंदात होते. उजव्या हाताच्या बोटांचे सांधे सुजलेले दिसले, विचारलं तर म्हणाले, संधिवात रे, वय झालं. मामी चहा घेऊन आल्या. मी मामांशी बोलत होतो, त्यामुळे मी त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही.

मामांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "तुझे कान तरुण आहेत. जरा ऐकून सांग बरं. लंगडतंय ना?"

मी ऐकलं.

टिक... टॉक... टिक... टॉक...

पुन्हा ऐकलं. मामांनीच मला लहानपणी शिकवलंय, चुकणं शक्य नव्हतं.

मी वर पाहिलं. मामांच्या मागे मामी उभ्या होत्या. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज. आणि त्यांचा जबडा... एका बाजूला जरा सरकलेला.

त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान अगदी हळू हलवली. हो म्हण.

"हो मामा," मी मोठ्याने म्हणालो. "लंगडतंय."

"मग झालं तर," मामा म्हणाले आणि निवांत मागे टेकले.

मामी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. मी म्हणालो, मामी, तुम्ही ते वाकडं का करत नाही?

"रोज करते," त्या म्हणाल्या. "रात्री वाकडं करून झोपते. सकाळी सरळ झालेलं असतं, आणि दिवसा ह्यांच्यादेखत हात लावता येत नाही. कोण करतं, ते तुला सांगायला हवं का?"

मला मामांच्या झोपेतल्या बोटांची आठवण झाली. मी म्हणालो, माझ्याबरोबर चला. आत्ताच्या आत्ता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोललोय. चाळीस वर्षं ह्या माणसाने मला कधी वावग्या शब्दाने दुखावलं नाही, त्या म्हणाल्या. खरं कळलं तर तो स्वतःचा हात तोडून घेईल. आणि मग त्याचं काय करू मी?

मग त्यांनी घाईने आत पाहिलं आणि माझ्या खांद्याला हलकेच ढकललं.

"नीघ तू आता. पाचच्या आत नीघ."

मी निघालो. रस्त्यावर येऊन फोन पाहिला, पाचला चार मिनिटं कमी होती. वर त्यांची खिडकी उघडी होती. मी परत वर गेलो नाही. ही सगळी गोष्ट मी खरी म्हणून सांगितली, तर हेही सांगायलाच हवं.